मरणाची भीती वाटणे म्हणजे विश्वास कमी पडणे का?

प्रश्न (गुरुवार पेठ, पुणे)

माझ्या आईचे वय 71 असून तिचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे. यापुढे उपचारांचा उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर गेल्या महिन्यात आम्ही तिला घरी आणले. जिने आजवर मंडळीतल्या (चर्चमधल्या) कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केली, तीच आई आता रात्री दोन-तीनच्या सुमारास जागी होते, माझा हात घट्ट धरते आणि "मला भीती वाटते गं" असे म्हणते. भेटायला आलेल्यांपैकी काहींनी "विश्वासणाऱ्याने मरणाला भ्यायचे नसते" असे सांगितल्यापासून तिने भीतीविषयी बोलणे सोडले आहे. भीती मात्र गेलेली नाही, कारण हात ती अजूनही तसाच धरते. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या भीतीला जागा आहे का?

प्रतिसाद 1 (निवृत्त पाळक, खडकी)

ताई, प्रभूमध्ये सलाम. जागा आहे, आणि ती खुद्द प्रभू येशूनेच करून ठेवली आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचा जीव मरणाइतका व्याकूळ झाला होता, आणि हा दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती त्याने पित्याला केली. बेथानीस मरण पावलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना, आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही, तो रडला. तेव्हा आईंच्या भीतीला अविश्वास म्हणणाऱ्यांनी हे दोन प्रसंग पुन्हा वाचावेत, असे मला कळकळीने वाटते.

मरणे हा लाभ आहे असे फिलिप्पैकरांना लिहिणारा प्रेषित पौलच करिंथकरांना लिहिताना मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. ही दोन्ही वचने एकत्र धरली पाहिजेत. आपली आशा मृत्यू गोड असल्याची नसून, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने तो शत्रू हरला आहे याची आहे. आणि हरलेल्या शत्रूशी समोरासमोर येतानाही माणूस थरथरतो. थेस्सलनीकाकरांना शोकच करू नका असे पौलाने सांगितलेले नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका एवढेच सांगितले आहे.

आईंना तेविसावे स्तोत्र तोंडपाठ असेल. रात्री ते सावकाश म्हणा आणि एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला: हिरव्या कुरणांत आणि संथ पाण्याजवळ दावीद देवाविषयी "तो" असे बोलतो, पण मृत्यूच्छायेच्या दरीत शिरताच त्याच्या तोंडी "तू" येते. दरीत तो देवाविषयी बोलत नाही, देवाशी बोलतो. त्याही पलीकडे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे, जे अंधारातच संपते आणि तरीही प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात राहिले आहे.

प्रतिसाद 2 (परिचारिका, वानवडी)

मी कॅथलिक आहे, पण हे सर्वांनाच लागू आहे. रात्रीच्या भीतीमागे पुष्कळदा न सांगितलेली वेदना किंवा लागलेला दम असतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून औषधांच्या मात्रा तपासून घ्याव्यात. वेदना सोसणे म्हणजेच भक्ती, असे समजून मॉर्फीन नाकारणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. असह्य वेदनांवर अशी औषधे घेण्यास हरकत नाही, हे पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच स्पष्ट केले होते.

दुसरे, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याची याकोबाच्या पत्रातली आज्ञा अखेरच्या श्वासासाठी राखून ठेवू नये. आमच्याकडे हा विधी केवळ मरणासन्न माणसासाठी नाही, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आणि पुढे 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याची नवी पद्धत घालून दिली. तरीही फादर घरी आले म्हणजे सगळे संपले, या धास्तीने लोक त्यांना उशिरा बोलावतात आणि तोवर रुग्ण शुद्धीवर नसतो. आई शुद्धीवर आहेत तोवरच तुमच्या पाळकांना बोलवावे आणि त्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यावे.

प्रतिसाद 3 (येरवडा)

माझे वडील असेच चार महिने अंथरुणावर होते. त्यांच्यासाठी सगळे प्रार्थना करत, पण त्यांना कुणीच प्रार्थना करायला सांगत नव्हते, हे आमच्या उशिरा लक्षात आले. मग मी रोज सकाळी तीन नावे त्यांना सांगू लागले: कुणाची परीक्षा, कुणाचे बाळंतपण, कुणाचा रुसवा. संध्याकाळी ते स्वतःच चौकशी करत.

मला तेव्हा केडगावच्या पंडिता रमाबाईंची आठवण होई. जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. पण त्या अखेरच्या महिन्यांतही मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांना दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? तुमच्या आईंनी आयुष्यभर इतरांसाठी प्रार्थना केली आहे. ते काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी काल औषध बदलून दिले, आणि पाळकसाहेब रविवारी उपासनेनंतर घरी येणार आहेत. रात्री आईला "तो" आणि "तू" यांतला फरक सांगितला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे भीती वाटते हेही त्यालाच सांगायचे." आज सकाळी मी तिला तीन नावे दिली आहेत, आणि चौथे तिने स्वतःहून घेतले, माझे.