मदत हवी आहे: मिस्टरांना पीटीएसडी (अपघाताच्या धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार), मराठीतून थेरपी देणारं कोणी आहे का?

आम्ही खानापूर तालुक्यातले, मिस्टर भाजीचा टेम्पो घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जायचे. आठ महिन्यांपूर्वी घाटात अपघात झाला, हे वाचले, शेजारी बसलेला पोरगा गेला. तेव्हापासून झोप नाही, करकचून ब्रेकचा आवाज आला की घामाने भिजतात, घरी कोणी विषय काढला की उठून परड्यात जाऊन बसतात.

बेळगावात सायकियाट्रिस्टना दाखवलंय, पीटीएसडी म्हणाले, सर्ट्रालिनची गोळी चालू करून तीन महिने झाले, चिडचिड कमी आहे पण स्वप्नं तशीच. धारवाडच्या डिमहान्सला (सरकारी मनोरुग्णालय) पण जाऊन आलो, तिथं काउन्सेलिंग कन्नडमधून, यांना बाजारापुरतं कन्नड येतं पण मनातलं कसं बोलणार? १४४१६ वर (सरकारी टेली-मानस हेल्पलाइन) मी स्वतः बोलले, पण मिस्टर फोनवर बोलायला तयार नाहीत. सासूबाईंचा अंगारा, नारळ सगळं करून झालं (त्यांना काही बोलू नका, त्यांचाही जीव तुटतो). दारू नाही, मारहाण नाही, जीवाचं बरंवाईट करायचे विचार आहेत का ते डॉक्टरांनी विचारलं, नाही म्हणाले.

कोल्हापूर दर आठवड्याला जमणार नाही, टेम्पो विकलाय, माझ्या शिलाईवर घर चाललंय.

तर बेळगावात किंवा व्हिडिओ कॉलवर मराठीतून ट्रॉमाची थेरपी, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून करतात ती) वगैरे, देणारं कोणी माहीत आहे का, आणि फी साधारण किती? आणि ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी सांगा, रात्री ओरडत उठतात तेव्हा तुम्ही हात लावता की लांबूनच नावाने हाक मारता? मी परवा खांद्याला हात लावला तर मलाच ढकललं, नंतर स्वतःच रडत बसले.