नडगीत ४ सेंमी पोकळी: ग्राफ्ट, दाणे की बीएमपी?

फोंडा_ऑर्थो (प्रश्न)
दुचाकी अपघातात नडगी मोडून जखमेतून हाड बाहेर आलेलं, वय ३४. एक्स्टर्नल फिक्सेटर (हाड बाहेरून धरणारी धातूची चौकट) लावला, मग जंतुसंसर्ग झाला. मेलेलं हाड काढल्यावर मधल्या भागात ४ सेंमीची पोकळी राहिली. त्यात अँटिबायोटिक घातलेल्या बोन सिमेंटचा ठोकळा आहे, सहावा आठवडा चालू. जखम कोरडी, सीआरपी (संसर्ग-सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल. आता भरायचं काय? बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे सहज मिळतात, नातेवाईक पीआरपीबद्दल (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव) विचारतात, बीएमपीचा (हाड वाढवणारं प्रथिन) खर्च झेपणारा नाही. नुसते दाणे चालतील का? रुग्ण सिगरेट ओढतो.

बांबोळी_ट्रॉमा
नुसते दाणे नकोत. दाणे म्हणजे मांडव. त्यावर वेल चढायला जिवंत पेशी लागतात आणि त्या पेशींना हाड बनवायला लावणारे संकेतही. रुग्णाच्या स्वतःच्या कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट (काढून लावलेलं हाड) तिन्ही कामं करतो, म्हणून मुख्य भराव तोच ठेवा.

आधी माप काढा. हाडाचा व्यास ३ सेंमी धरला तर ४ सेंमी लांबीला सुमारे २८ घन सेंमी भराव लागतो. १० मिमीचा नेल (हाडाच्या नळीत घालायचा धातूचा दांडा) घालणार असाल तर त्यातले ३ वजा. कमरेच्या पुढच्या बाजूने साधारण १५ ते २० घन सेंमी जाळीदार हाड निघतं, मागच्या बाजूने त्याहून जास्त. कमी पडेल तेवढेच दाणे मिसळा. तीन भाग ग्राफ्टला एक भाग दाणे, त्यापुढे नको. म्हणजे २५ पैकी फार तर ६.

सिमेंटभोवती तयार झालेला पडदा हीच आधी सिमेंट, मग ग्राफ्ट या दोन टप्प्यांच्या पद्धतीतली खरी कमाई. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि तो व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा), बीएमपी-२ सारखे वाढीचे घटक स्रवतो. ६ ते ८ आठवडे झाले की पुढचा टप्पा घ्या. पडदा उभा चिरा. ठोकळा अख्खा ओढलात तर पडदा फाटतो, म्हणून छिन्नीने तुकडे करून काढा. टोकांवर रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत हाड तासा आणि दोन्हीकडची बुजलेली पोकळ नळी उघडा. बर (हाड तासणारं फिरतं टोक) वापरत असाल तर सलाईनची धार थांबू देऊ नका. ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी हाड मरतं. कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) वेगवेगळ्या जागांचे किमान ५ नमुने द्या, आणि अँटिबायोटिक चालू असेल तर २ आठवडे आधी थांबवा. पू किंवा शंकास्पद मऊ भाग दिसला तर ग्राफ्ट त्या दिवशी घालायचाच नाही. पुन्हा साफसफाई, पुन्हा सिमेंट.

ग्राफ्टचे ३ ते ५ मिमीचे तुकडे करा, रक्ताने भिजलेल्या गॉजमध्ये ठेवा आणि लगेच वापरा. ठेचून भरलं तर नव्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट उरत नाही. शेवटी पडदा शिवून घ्या.

साखळी_बायोमटेरियल
दाणे घेताना पॅकवर छिद्रांचा आकार बघा. छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत, १०० मायक्रॉन किमान, ३०० च्या वर असतील तर रक्तवाहिन्या चांगल्या शिरतात. बीटा-टीसीपी (तुमचा बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट) साधारण ६ ते १८ महिन्यांत विरघळतो. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हा दाण्यांचा दुसरा प्रकार वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि एक्स-रेवर पांढरा दिसतो. तो बघून हाड जुळलं असं समजणं ही नेहमीची फसगत. कॅल्शियम सल्फेट हा तिसरा प्रकार काही आठवड्यांतच संपतो, हाड तेवढ्या वेगाने येत नाही, शिवाय जखमेतून पाणी झिरपतं आणि ते संसर्गासारखं वाटतं.

बीएमपी नाही याची खंत नको. हाडातल्या प्रथिनांमुळे स्नायूतही हाड उगवतं हे अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं, पण बीएमपी-२ ला अमेरिकेत २००४ मध्ये नडगीसाठी मिळालेली परवानगी नेल घातलेल्या ताज्या, उघड्या मोडीपुरती आहे, तीही पहिल्या १४ दिवसांत. तुमची केस त्यात बसत नाही. पुढे कधी वापरलंत तर १.५ मिग्रॅ प्रति मिली द्रावण स्पंजवर समान सोडून किमान १५ मिनिटं थांबा आणि स्पंज पिळू नका. पिळला तर औषध मऊ भागात जातं, सूज येते, नको तिथे हाड होतं.

डिचोली_मेडिसिन
पीआरपीवर पैसे घालवू नका, एवढ्या पोकळीत त्याचा भरवशाचा पुरावा नाही. त्यापेक्षा व्हिटॅमिन डी आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा आणि सिगरेट आजपासून बंद करवा. ती चालू असताना ग्राफ्ट घालणं मला पटत नाही.

टेरिपॅराटाइड रोज २० मायक्रोग्रॅम कातडीखाली देतात, पण ते ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचं) औषध आहे, मोड जुळवण्यासाठी मान्यता नाही. हाडाचा कर्करोग किंवा त्या हाडाला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल तर ते नकोच. दिलंत तर पेन २ ते ८ अंशांत राहायला हवा, उघडल्यावर २८ दिवस. आपल्याकडे पावसात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा पेन कुठे ठेवायचा हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

फोंडा_ऑर्थो
आभार. फिक्सेटर काढून नेल की प्लेट?

बांबोळी_ट्रॉमा
नळीत संसर्गाची खूण नसेल तर लॉक केलेला (दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवलेला) नेल. वजन वाटून घेतो आणि भरावही कमी लागतो. शंका असेल तर लॉकिंग प्लेट (स्क्रू पट्टीतच घट्ट बसणारी धातूची पट्टी). काहीही घाला, हलता कामा नये. जास्त हललं तर हाडाऐवजी तंतुमय ऊतक भरतं. नेल घालताना पडदा कमीत कमी उघडा. ४ ते ६ महिन्यांनी सीटी करा, चारपैकी तीन बाजूंना सलग हाड दिसेपर्यंत पूर्ण वजन देऊ नका.