राजहंसाची अंडी आणि मुंबईची दमट हवा
आपल्या राजहंसाच्या चारही अंड्यांतील पिल्ले पूर्ण वाढून शेवटच्या दिवसांत दगावली आणि अंडी उबवण्याच्या मशीनमधील पाण्याचे भांडे महिनाभर भरलेले होते, हे वाचून मला दोष त्या भांड्याचाच वाटतो. पावसाळ्यात मुंबईची २९ अंश तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३७.५ अंशांपर्यंत तापवली, तरी आत सुमारे ५३ टक्के आर्द्रता आपोआप उरते, आणि राजहंसाच्या अंड्याला सुरुवातीला तेवढी पुरते. गोराईच्या आमच्या वाडीत मी दर रविवारी अंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो (घरच्यांची कुरकुर गृहीत धरून). आतले पाणी हळूहळू उडून १६० ग्रॅमचे अंडे पिल्लू कवच टोचू लागेपर्यंत साधारण १३८ ग्रॅमवर यावे; भरलेल्या भांड्यामुळे हवा फार दमट झाली, तर ते पुरेसे उडत नाही. शेवटच्या तीन दिवसांत मात्र भांडे काठोकाठ भरावे आणि अंडी फिरवणे थांबवावे.