स्वीडनचे खापरपणजोबा कसे शोधायचे?

विश्रामबागची_काकू: आमचा जावई मिनेसोटाचा. त्याचे खापरपणजोबा 1880 च्या सुमारास स्वीडनहून बायकापोरं घेऊन अमेरिकेत आले, एवढंच घरच्यांना माहितीय. जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर जन्मतारीख आणि 'स्मोलांड' (तिकडचा एक प्रांत) दिसतंय, गावाचं नाव पाण्यानं पुसलंय. यांचं आडनाव योहान्सन अन् बापाचं पेटर्सन, असं कसं? सांगलीत बसून शोधतेय, हसू नका.

कराडचा_बंड्या: बरोबरच आहे काकू, तेव्हा तिकडं बापाच्या नावाला सन लावायचे, पोरीला दोत्तर. बाप योहान पेटर्सन, पोरगा योहान्सन. नावावर जाऊ नका, ढिगानं सापडतील, जन्मतारीख धरा.

हळदीचं_पेव: आपल्याकडं हेळवी बैल घेऊन येतो अन् पिढ्या म्हणून दाखवतो ना, तिथं ते काम चर्चच्या पाद्र्याचं. घरटी वही, कोण जन्मलं, कुणाला वाचता येतं, कोण कधी अमेरिकेला गेलं सगळं लिहिलेलं. त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर 2018 पासून स्कॅन फुकट आहेत. पण आधी गाव पाहिजे, त्यासाठी स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरातल्या पोलिसांच्या प्रवासी याद्या बघा, 1869 पासूनच्या आहेत, बरेच जण तिथून बोटीनं इंग्लंडातलं हल बंदर, मग रेल्वेनं लिव्हरपूल अन् पुढं मोठी बोट असे जायचे. आणि मिनेसोटातल्या स्वीडिश लुथेरन चर्चची रजिस्टरं सोडू नका, त्यात कधीकधी मूळ गाव असतं. अक्षर मात्र डोळे फोडणारं.

विश्रामबागची_काकू: सासऱ्यांच्या दप्तरातली मोडी वाचलीय मी, हे काय घेऊन बसलात! जावयाला आजच चर्चमध्ये पिटाळते.