हालोलमध्ये एकटीसाठी परवडणारी वन आरके जागा कशी शोधावी?

वाडीकर (प्रश्न)
नमस्कार. आम्ही वडोदऱ्यातील वाडी भागात राहतो. माझ्या मुलीला हालोल जीआयडीसीतील (औद्योगिक वसाहतीतील) एका कारखान्यात नोकरी लागली असून सकाळची आणि दुपारची शिफ्ट आलटूनपालटून असल्याने रोज ये-जा करण्यापेक्षा तिथेच एक खोली, ओटा आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेली जागा घ्यावी, असा विचार आहे. भाडे साडेसहा हजारांच्या आत असावे. मोबाइलवर ‘स्टुडिओ’ म्हणून दिसलेल्या बहुतेक जागा वडोदऱ्यातील निघाल्या, हालोलचे दलाल दोन बेडरूमचे फ्लॅटच पुढे करतात आणि मुलगी एकटी राहणार म्हटल्यावर काही घरमालक विषयच बदलतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पावागड रोड
मी नोकरीनिमित्त हालोलमध्ये काही वर्षे राहिलो आहे. ‘स्टुडिओ’ हा शब्द तिथे विसरावा, कारण तशा जागा वेगळ्या बांधल्याच जात नाहीत. फ्लॅट बांधले जातात ते कुटुंबांसाठी किंवा चार-पाच कामगारांनी मिळून राहण्यासाठी. तुम्हाला हवी तशी जागा बहुधा मालक स्वतः खाली राहत असलेल्या टेनामेंटच्या (बैठ्या घराच्या) वरच्या मजल्यावर, बाहेरून जिना असलेल्या रूम-रसोड्याच्या (खोली-स्वयंपाकघराच्या) रूपात मिळते आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी मुलीसह स्वतः जावे, सोसायट्यांमधील किराणावाल्यांकडे आणि शाळेतील शिक्षकांकडे विचारावे; आईवडील समोर दिसले की घरमालकांची निम्मी शंका तिथेच मिटते. मांसाहाराचा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे खरे उत्तर आधीच दिलेले बरे, नाहीतर पुढे दोन्ही बाजूंना त्रास होतो. वीजमीटर स्वतंत्र आहे का, हेही नीट पाहावे, कारण सबमीटर असल्यास मालक एमजीव्हीसीएल या वीज कंपनीच्या बिलापेक्षा जास्त दराने युनिट लावतो, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. भाडे कमी सांगून ती कसर उन्हाळ्यात पंखा-कूलरच्या बिलातून भरून काढली जाते. नवरात्रात पावागडच्या यात्रेकरूंमुळे मुख्य रस्त्यावर फार गर्दी होते, म्हणून जागा रस्त्यापासून थोडी आत पण कंपनीच्या बसथांब्यापासून पायी जाता येईल अशी बघावी.

आजवा रोडवासी
माझे मत थोडे वेगळे आहे. वडोदरा ते हालोल हे अंतर सुमारे 40 किलोमीटर आहे आणि अनेक कारखान्यांच्या बसेस वडोदऱ्यातील गोल्डन चोकडी या चौकावरून जातात, तेव्हा आधी कंपनीला बसची वेळ आणि थांबे विचारावेत. तिथले भाडे, लाइट बिल आणि डब्याचा खर्च यांची बेरीज केल्यावर घरूनच जाणे परवडते, असे कदाचित लक्षात येईल. दुपारच्या शिफ्टनंतर रात्री परतीची बस नसेल, तर मात्र माझा हा मुद्दा बाद समजावा.

कागदपत्रे
भाडेकरार अकरा महिन्यांचा करतात, कारण 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत सुचवलेली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय ती मर्यादा बंधनकारक नसली, तरी बोलणी करताना तिचा आधार घेता येतो. अनामत किती दिवसांत परत मिळेल आणि रंगकामाचा खर्च कोणाकडे, हे करारात लिहून घ्यावेच, कारण भांडणे याच दोन गोष्टींवरून होतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्यास मालकाने टाळाटाळ केली, तर ती जागा सोडून द्यावी.

वाडीकर
सर्वांचे आभार. कंपनीत चौकशी केली. सकाळच्या शिफ्टला बस आहे, मात्र रात्रीची परतीची बस हालोल गावापुरतीच जाते. त्यामुळे जागा तिथेच पाहावी लागणार आहे. वरच्या मजल्यावर पत्र्याचे छप्पर असलेली एक खोली साडेपाच हजारांत मिळते आहे, ती घ्यावी का?

पावागड रोड
पत्र्याची असेल तर घेऊ नये. मे महिन्यात दुपारच्या शिफ्टला निघेपर्यंतचा वेळ तिला त्याच खोलीत काढावा लागेल. हजार रुपये जास्त पडले तरी स्लॅबचीच खोली पाहावी. ती तुमच्या साडेसहा हजारांत बसते.