खुळखुळ्याऐवजी आवाजाच्या जोड्या

दृष्टिबाधित मुलांच्या खेळासाठी बाटलीत तांदूळ भरून खुळखुळा करायचं बरेचदा सुचवतात ते ठीकच, पण तीन वर्षांपुढच्या दृष्टिबाधित मुलाला नुसतं वाजवून पुरत नाही. जोड्या लावायचा खेळ करा. मुठीत मावतील अशा एकसारख्या आठ प्लास्टिकच्या डब्या घ्या. दोन-दोन डब्यांत मोहरी, साबुदाणा, राजमा आणि एकेक घुंगरू. डबी पाव भागच भरा. गच्च भरली की दाण्यांना हलायला जागा उरत नाही, सगळेच आवाज दबके येतात. जोडीतल्या दोन्ही डब्यांत माप चमच्याने मोजूनच घाला, नाहीतर जोडी जुळत नाही आणि चूक मुलाची वाटते! राजमा आणि छोले एकाच संचात नकोत, फरक मोठ्यांनाही कळत नाही. स्टीलची डबी टाळा, तिचाच खणखणाट पुढे येतो.

धान्य आधी कोरडं भाजून गार करा, म्हणजे पावसाळ्यात किडे होणार नाहीत. झाकणाची कड पॉलिश पेपरने घासून मग चिकटवा. गुळगुळीत प्लास्टिकवर गोंद धरत नाही, आणि नुसती टेप मुलं नखाने सोलतात. सुटलेला दाणा नाकात जातो. तळाला प्रत्येक जोडीला वेगळा पोत द्या: पॉलिश पेपर, मखमल, गोणपाट, एक कोरी. उलटी करून चाचपलं की बरोबर-चूक मूल स्वतःच ठरवतं. थोडी दृष्टी असेल तर काळ्या, काठाच्या ताटात पिवळ्या डब्या.