डिप्लोमाच्या आधी बेसिक गणिताचं सेमिस्टर सक्तीचं करावं का? (नागपूर)

सीएचबीवाली मॅडम
नमस्कार मंडळी, मी नागपुरात एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासाचे पैसे आणि तेही आले तर आले. आमच्याकडे यूजीसीच्या कम्युनिटी कॉलेज स्कीममध्ये (2013-14 वाली) सुरू झालेला लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा आहे. बारावी झालेली पोरं येतात, मुलीच जास्त, काटोल उमरेड कामठीहून अपडाऊन करतात आणि निम्म्याअधिक कुठे ना कुठे कामाला आहेत, मेडिकल स्टोअर, मोबाईलचं दुकान, एक तर सकाळी डबे पोचवून येते.

आता प्रस्ताव असा आलाय की पुढच्या वर्षीपासून ॲडमिशनला टेस्ट घ्यायची, त्यात कमी पडले की आधी बेसिक गणित, मग फंक्शनल इंग्लिश, आणि हे दोन्ही निघाल्याशिवाय हिमॅटॉलॉजीचा (रक्ताच्या तपासण्यांचा) पेपर घेता येणार नाही. क्रेडिट शून्य, फी मात्र वेगळी. खरं सांगू तर मला पटलंय. मागच्या महिन्यात डब्ल्यूबीसी काउंटचं, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायचं प्रॅक्टिकल होतं. काउंटिंग चेंबरच्या (चौकोन आखलेली काच) चार कोपऱ्यातल्या पेशी मोजायच्या आणि 50 ने गुणायचं, एवढंच. एकीने 140 मोजल्या, अगदी बरोबर मोजल्या, आणि 50 ने भागून रिपोर्टवर 2.8 लिहून मोकळी. 7000 च्या जागी 2.8! मी विचारलं अगं हा पेशंट जिवंत आहे का, तर माझ्याचकडे बघत बसली. 50 कुठून आला तेच माहीत नव्हतं, पाठ केलेला होता. सोमवारी मीटिंग आहे, बोला.

महालचे काका
लावाच. 31 वर्षं गणित शिकवलं, अपूर्णांक न येणारं पोर पुढे ढकलणं म्हणजे त्याच्यावर उपकार नाही. 2021 ला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला बारावीचं गणित, फिजिक्स सगळ्यांना सक्तीचं नको अशी मोकळीक काढली तेव्हा काय गदारोळ झाला होता आठवा, मग ब्रिज कोर्स घेऊ म्हणाले. म्हणजे फिरून तिथंच. पाया हा लागतोच. आणि तुमच्या 2.8 वर उद्या कोणी औषध लिहून दिलं तर?

परत आलेला प्रतापनगरवाला
मॅडम थांबा थोडं. मी कॅलिफोर्नियात शिकत असताना तीन वर्षं तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये काम केलंय, आणि तुम्ही जे लावायला निघालात ना ते तिथे वर्षानुवर्षं चालू होतं. त्यांचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्या स्कीमसारखं नाही, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, ॲडमिशन सगळ्यांना, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं. पण दारात प्लेसमेंट टेस्ट. त्यात मार्क कमी आले की खालच्या गणितात, काही ठिकाणी खऱ्या गणिताच्या खाली तीन-तीन चार-चार पायऱ्या, अंकगणित, प्री-अल्जिब्रा, अल्जिब्रा, मग पुन्हा अल्जिब्रा. डिग्रीत मोजलं जाणारं क्रेडिट नाही, फी आणि वेळ मात्र जातो. माझ्यासमोर चाळिशीतला एक माणूस बसायचा, रात्री वेअरहाऊसमध्ये काम करायचा, तिसऱ्यांदा तेच प्री-अल्जिब्रा. चौथ्या सेमिस्टरला आलाच नाही. नापास होऊन गेला नाही तो, पास झाल्यावर गेला. हे लक्षात घ्या.

कारण गळती नुसती पेपरमध्ये नाही, दोन पेपरच्या मधल्या सुट्टीतही होते. आता मी आकडे धरतो, खरे नाहीत, नुसता हिशोब. समजा 100 जण आहेत, खालचे दोन कोर्स आणि तिसरा मेन पेपर. प्रत्येकात 70 टक्के पास होतात (वाईट नाही) आणि पास झालेल्यांपैकी 80 टक्के पुढच्या सेमिस्टरला नाव टाकतात (हेही वाईट नाही). 70, त्यातले 56 पुढे, 39 पास, 31 पुढे, शेवटी 22. कुठल्याच पायरीवर कोणी काही चुकीचं केलं नाही आणि 78 पोरं गेली.

म्हणून तिथे 2017 ला एबी 705 नावाचा कायदा झाला, 2018 पासून लागू, कॉलेजांनी 2019 च्या फॉलपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सेमिस्टरपर्यंत, अमलात आणायचा. टेस्टवर नाही, शाळेचे मार्क बघून बसवा, आणि पोराला वर्षाच्या आत युनिव्हर्सिटीला चालणारं गणित आणि इंग्रजी पूर्ण करायची जास्तीत जास्त संधी मिळाली पाहिजे. फ्लोरिडाने तर 2013 लाच बऱ्याच पोरांसाठी हे खालचे कोर्स ऐच्छिक करून टाकले. पाया नको असं कोणी म्हणत नाही काका. पाया मेन पेपरच्या आधी नाही, बरोबर घ्यायचा, त्याच सेमिस्टरला जोडून जादा तास. त्याला तिकडे कोरिक्विझिट म्हणतात, टेनेसीत 2015 पासून सगळीकडे आहे.

बुटीबोरीचा पोट्टा
मॅडम मी असाच अडकलेला पोट्टा आहो. दुसऱ्या एका कोर्सला आधी सहा महिने फाउंडेशन करा म्हणे. केलं. पास बी झालो. तेवढ्यात इकडे एमआयडीसीत काम भेटलं, घरी पैसे लागून राहिले होते, म्हटलं एक सेमिस्टर थांबू. ते सेमिस्टर आता चार वर्षांचं झालं. फाउंडेशनचं सर्टिफिकेट आहे घरी, कुठी चालत नाही ते. अन् खरं सांगू का, त्या सहा महिन्यात शिकवलं काय, तर लसावि मसावि, सातवीतलं. कायले शिकून राहिलो तेच समजे नाही. तुमच्या 50 वाल्यासारखं काही समोर असतं तं डोकं लावलं असतं नं.

सीएचबीवाली मॅडम
बापरे. भाऊ तुमचं वाचून जरा गप्पच झाले. पण प्रतापनगरवाले दादा, एक सांगा, तिकडे आता कशालाच अट नाही का? नर्सिंगला पण?

परत आलेला प्रतापनगरवाला
आहे की. नर्सिंगला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आधी लागतंच, त्याला कोणी हात लावला नाही. खरा वाद दुसऱ्या विषयाच्या अटीवर होता, म्हणजे इतिहासाला बसायचं तर आधी अमुक लेव्हलचं इंग्रजी. कॅलिफोर्नियात अशी अट घालायची तर पूर्वी आकडेवारीने दाखवावं लागायचं की हिच्याशिवाय पोरं खरंच पडतात. 2011 ला ते सैल केलं, शिक्षकांनी सिलॅबस तपासून ठरवलं तरी चालेल असं. आणि एक गोष्ट मला फार आवडली होती, विद्यार्थी त्या अटीला चॅलेंज करू शकतो. मला येतं हे, घ्या बघून, असा फॉर्म भरायचा आणि कॉलेजला पाच कामाच्या दिवसात उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे बोनाफाईडला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा की मागच्या तीन बॅचमध्ये हिमॅटॉलॉजीत कोण पडलं आणि दहावीला त्यांना गणितात किती होते. रजिस्टर ऑफिसात पडलेलं असेल. ते न बघता अट लावणं म्हणजे अंदाजपंचे.

महालचे काका
हिशोब बघितला, बरोबर आहे, 21.95 येतात, तुम्ही 22 केलेत. तरी माझं म्हणणं अर्धं कायम आहे, अपूर्णांक आलेच पाहिजेत. पण हे 50 चं मला ठाऊक नव्हतं, कुठून येतात?

सीएचबीवाली मॅडम
काका, रक्त 20 पट पातळ केलेलं असतं आणि चार चौकोनात मावतं 0.4 घन मिलिमीटर. 20 भागिले 0.4.

महालचे काका
अहो मग हाच धडा! दशांशाने भागलं की संख्या वाढते, हे आठवीतल्या पोरांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस गेले. सहा महिने वेगळे कशाला पाहिजेत, मायक्रोस्कोपशेजारी फळा लावा. इंग्रजीचं मला विचारू नका. शनिवारी दुपारी मी रिकामाच असतो, पैसे नकोत. फक्त त्या 2.8 वालीला पहिल्या बाकावर बसवा.

सीएचबीवाली मॅडम
ती पहिल्याच बाकावर बसते काका. शनिवारचं मीटिंगमध्ये काढते, पण तीनच्या आत सोडावं लागेल, काटोलवाल्यांची एसटी असते.